दोन १२ जानेवारी

सोलापूरकराला १२ जानेवारी वेगळी सांगावी लागत नाही. शाळेत असताना मीही त्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रांगेत उभा राहिलोय. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये दोन पोलिसांचा खून केल्याचा आरोप, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. आठच महिन्यांत सगळं आटोपलं.

तेव्हा कायदा होता १८६० ची दंड संहिता. कलम ३०२, खून: फाशी किंवा जन्मठेप, तिसरी वाट नाही. पण दोनच कलमं पुढं, ३०४ मध्ये, सदोष मनुष्यवध येतो आणि वाट एकदम रुंद होते. मारण्याचा हेतू होता, पण तीव्र चिथावणी किंवा अचानक भांडणासारखा अपवाद लागू पडला, तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. हेतू नव्हता, नुसती जाणीव होती की यात माणूस मरेल, तर १० वर्षांपर्यंत, किंवा फक्त दंडसुद्धा!

मग माप ठरवतं कोण? आता दुसरी १२ जानेवारी ऐका, २०१२ ची.

नोव्हेंबर २००६. वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले. सत्र न्यायालय म्हणालं, हा निष्काळजीपणा, सहा महिने. उच्च न्यायालय म्हणालं, जाणीव होती, म्हणून सदोष मनुष्यवध, तीन वर्षं. सर्वोच्च न्यायालयानं तीच शिक्षा कायम केली आणि वर सांगितलं की ती फार कमी आहे, पण वाढवून मागायला सरकार आलेलंच नाही.

इथं मी थांबलो. कारण शिक्षा अपुरी वाटली म्हणून मृताच्या घरच्यांना अपील करता येत नाही. तो हक्क सरकारचा.

१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १०५ आलं. हेतू असेल तर आता किमान पाच वर्षं. जाणिवेच्या गुन्ह्यात नुसत्या दंडावर सुटका नाही, पण कैदेला खालची मर्यादा आजही नाही.

म्हणून मला वाटतं, निकाल वाचताना न्यायाधीशानं किती दिलं एवढंच बघू नका. सरकारनं किती मागितलं, तेही बघा. १९३१ साली सोलापूरनं सरकारला हवी असलेली शिक्षा किती झपाट्यानं होते ते पाहिलंय.

भेटू पुढच्या भागात.