सोडियम गृहीतकाची पन्नास वर्षे : चेता-आवेगाच्या संशोधनाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९०२ ते १९५२)

प्रस्तावना

शरीरक्रियाशास्त्राच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत चेता-आवेगाचा एक आलेख आढळतो. विश्रांत अवस्थेत चेतापेशीच्या आतील विभव बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. उद्दीपन मिळताच ते शून्याची रेषा ओलांडून अधिक ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत चढते आणि एक-दोन मिलिसेकंदांत खाली येते. सोडियमचे आयन आत शिरल्याने चढ निर्माण होतो व पोटॅशियमचे आयन बाहेर पडल्याने उतार, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वर्गात हे सर्व दहा मिनिटांत शिकवून होते. तथापि आलेखातील शून्याच्या वरचा भाग शास्त्राने स्वीकारण्यास सुमारे अर्धे शतक लागले. विशेष म्हणजे सोडियमकडे बोट दाखविणारा निबंध १९०२ सालीच प्रसिद्ध झाला होता. तो इतका काळ मागे का पडला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

पार्श्वभूमी

स्नायू व चेतातंतू यांच्या कार्यात विद्युतशक्तीचा संबंध आहे, हा विचार लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ साली बेडकावरील प्रयोगांच्या आधारे मांडला. १८५० साली हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतील संदेशवहनाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे तारेतील विजेच्या तुलनेत अत्यल्प होता. यावरून आवेग म्हणजे केवळ तारेतून वाहणारा प्रवाह नव्हे, हे सूचित झाले. युलिउस बेर्नश्टाइन यांनी १८६८ साली स्वतः घडविलेल्या उपकरणाच्या साहाय्याने आवेगाचा कालक्रम नोंदविला. मात्र ही वीज निर्माण कशी होते, याचे उत्तर भौतिक रसायनशास्त्राकडून यावयाचे होते. द्रावणांच्या संहतीतील फरकामुळे किती विभव निर्माण होईल, हे सांगणारे वाल्टर नेर्न्स्ट यांचे समीकरण १८८० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या हाती नवे साधन आले.

एका खंडातील दोन निबंध

१९०२ साली 'फ्ल्यूगर्स आर्किव्ह' या जर्मन नियतकालिकाच्या ९२ व्या खंडात दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील एक बेर्नश्टाइन यांचा होता. विश्रांत अवस्थेत पेशीपटल प्रामुख्याने पोटॅशियमला पार्य असते, त्यामुळे आतील बाजू ऋण राहते; उद्दीपनाच्या वेळी पटलाची ही निवडक पार्यता क्षणभर नाहीशी होते, अशी त्यांची उपपत्ती होती. पटल सर्व आयनांना खुले झाल्यास आतील व बाहेरील विभवांतील फरक लोप पावेल. म्हणजे विभव शून्यापर्यंत येईल, परंतु शून्य ओलांडणार नाही.

दुसरा निबंध अर्नेस्ट ओव्हरटन यांचा होता. बेडकाचा स्नायू सोडियमरहित, पण योग्य संहतीच्या साखरेच्या द्रावणात ठेवल्यास त्याची उद्दीपनक्षमता नष्ट होते आणि सोडियम परत मिळताच ती पुन्हा येते, असे त्यांनी दाखविले. सोडियमऐवजी लिथियमही चालते, हेही त्यांना आढळले. आकुंचनाच्या वेळी बाहेरील सोडियम व आतील पोटॅशियम यांची अदलाबदल होत असावी, ही शक्यता त्यांनी नमूद केली. ती नमूद करतानाच त्यांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारा मुद्दाही मांडला. हृदय जन्मभर आकुंचन पावत असते. प्रत्येक आकुंचनात थोडे सोडियम आत जात असेल, तर कालांतराने आतील व बाहेरील फरक उरणार नाही. तो टिकतो, याअर्थी सोडियम बाहेर टाकणारी एखादी यंत्रणा असली पाहिजे. अशी यंत्रणा त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हती.

ओव्हरटन यांचा विचार मागे का पडला?

या विचाराच्या उपेक्षेची तीन कारणे दिसून येतात. पहिले कारण म्हणजे बेर्नश्टाइन यांच्या उपपत्तीचे यश. विश्रांत विभवाचे स्पष्टीकरण तिने समाधानकारकपणे दिले होते व नेर्न्स्ट यांच्या समीकरणाचा भक्कम आधार तिला होता. बेर्नश्टाइन यांच्याच १८६८ च्या काही नोंदींत विभव शून्य ओलांडत असल्याची चिन्हे होती. परंतु १९०२ च्या उपपत्तीत त्यांना स्थान मिळाले नाही.

दुसरे कारण प्रयोगद्रव्याशी संबंधित आहे. स्नायूवर दिसलेला परिणाम बेडकाच्या चेतेवर सहज दिसत नव्हता. सोडियमरहित द्रावणातही ती दीर्घकाळ संदेश वाहून नेत असे. चेतेभोवतीचे संयोजी ऊतींचे वेष्टण आतील सोडियम बाहेर जाऊ देत नाही, हा उलगडा १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाला. तोपर्यंत ओव्हरटन यांच्या विधानाला चेतातंतूच जणू विरोधी साक्ष देत होता.

तिसरे कारण मापनाचे. पेशीच्या बाहेर ठेवलेल्या विद्युतअग्रांनी विभवातील बदल कळे. पण पटलाच्या दोन्ही बाजूंमधील विभवाचे खरे मूल्य समजत नसे. शून्य गाठले की ओलांडले, हा प्रश्न त्यामुळे प्रयोगाच्या कक्षेतच येत नव्हता.

माकूलाचा अक्षतंतू आणि १९३९ चे निरीक्षण

ही कोंडी एका सागरी प्राण्यामुळे फुटली. स्क्विड, म्हणजे कोकणात माकूल म्हणून परिचित असलेल्या मृदुकाय प्राण्यातील महाकाय अक्षतंतूकडे जे. झेड. यंग यांनी १९३६ साली संशोधकांचे लक्ष वेधले. सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाच्या या तंतूत विद्युतअग्र थेट आत सरकविता येत होते. १९३९ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे केनेथ कोल व हॉवर्ड कर्टिस यांनी आवेगाच्या वेळी पटलाचा विद्युतरोध सुमारे चाळीस पटींनी घटतो, असे दाखविले. हा निष्कर्ष बेर्नश्टाइन यांच्या उपपत्तीशी जुळणारा होता.

त्याच वर्षी इंग्लंडमधील प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांनी तंतूच्या आतून आवेगाची नोंद केली. विभव शून्यापाशी थांबले नाही, तर सुमारे ४० मिलिव्होल्टने पलीकडे गेले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. ऑक्टोबर १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या त्यांच्या अल्प टिपणात या निरीक्षणाचे स्पष्टीकरण नव्हते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर निबंधात चार संभाव्य स्पष्टीकरणे देण्यात आली. परंतु त्यांत सोडियमचा प्रवेश हे स्पष्टीकरण नव्हते. योग्य निरीक्षण हाती असूनही योग्य विचार सुचण्यास अवधी लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

गृहीतकाची सिद्धता

युद्धानंतर हॉजकिन व बर्नार्ड कॅट्झ यांनी समुद्राच्या पाण्यातील सोडियमचे प्रमाण कमी करून प्रयोग केले. सोडियम घटविले की आवेगाची उंची व चढाचा वेग घटे. विश्रांत विभवात मात्र फारसा फरक पडत नसे. मूळ पाणी परत मिळताच आवेग पूर्ववत होई. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्याने पटल सर्व आयनांना नव्हे, तर विशेषत्वाने सोडियमला पार्य होते, हे स्पष्ट केले.

पुढील टप्प्यात विभव स्थिर ठेवून आयनप्रवाह मोजण्याचे तंत्र उपयोगी पडले. १९४७ च्या सुमारास कोल व जॉर्ज मार्मोंट यांनी त्याचा पाया घातला होता. त्याच्या साहाय्याने हॉजकिन व हक्सले यांनी सोडियम व पोटॅशियम यांचे प्रवाह वेगळे केले आणि १९५२ साली गणिती प्रतिमान मांडले. केंब्रिजचा संगणक त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद असल्याने हक्सले यांनी आकडेमोड हाताने फिरविण्याच्या गणनयंत्रावर केली. आवेगाचा गणिती वेग सेकंदाला १८.८ मीटर आला. प्रत्यक्ष मोजलेला वेग २१.२ मीटर होता. १९६३ साली या दोघांना जॉन एकल्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ओव्हरटन यांनी अपेक्षिलेली सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा, म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर, येन्स स्कू यांनी १९५७ साली प्रकाशात आणले. त्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. ओव्हरटन यांचे निधन १९३३ मध्येच झाले होते.

समारोप

ओव्हरटन यांना उपेक्षित द्रष्टा व बेर्नश्टाइन यांना चुकलेला पंडित ठरविणे सोपे आहे. परंतु ते इतिहासाशी न्याय करणारे नाही. विश्रांत विभवाचे बेर्नश्टाइन यांचे स्पष्टीकरण मूलतः टिकून राहिले. ओव्हरटन यांच्याकडे सूचना होती, सिद्धता नव्हती, आणि ही उणीव त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदविली होती. कल्पना, प्रयोगास योग्य प्राणी व मापनाचे तंत्र या तिन्ही गोष्टी एकत्र येईपर्यंत ती सूचना ग्रंथालयात पडून राहिली.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. सिद्ध झालेला आलेख तेवढा शिकविला, तर विद्यार्थ्याला उत्तर मिळते. परंतु प्रश्न मिळत नाही. विभव शून्यापाशी का थांबले नाही, हा प्रश्न १९३९ साली तज्ज्ञांनाही निरुत्तर करणारा होता. तोच प्रश्न आलेख काढण्यापूर्वी वर्गात विचारला गेला, तर सोडियमच्या प्रवेशाचे वाक्य पाठांतराचा विषय न राहता पुराव्याने मिळविलेला निष्कर्ष म्हणून विद्यार्थ्यासमोर येईल.