डिजिनोटारची मोहोर

सन २०११ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस इराणमधील एका गृहस्थाने गूगलची टपालपेटी उघडू पाहिली, तो क्रोम ब्राउझरने त्यास अडविले. समोर आलेले सुरक्षा-प्रमाणपत्र खोटे असल्याचा तो इशारा होता.

वेबसाइट जेव्हा आपले नाव सांगते, तेव्हा त्या नावाची ग्वाही एक त्रयस्थ संस्था आपल्या सहीने देते. ती सही ब्राउझरने ओळखली की पुढील संभाषण कूटलिपीत चालते. १९९५ च्या सुमारास नेटस्केपने ही पद्धत रूढ केली. मात्र तीत एक मोठी उणीव राहिली. मान्यताप्राप्त संस्थांपैकी कोणतीही एक संस्था कोणत्याही नावाची ग्वाही देऊ शकत असे.

इराणात आढळलेल्या दाखल्यावर सही होती हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेची. डच सरकारच्याही कित्येक वेबसाइटींना हीच संस्था दाखले देई. जून २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत परका शिरला आणि १० जुलै रोजी त्याने गूगलच्या नावाचा दाखला काढला. असे बनावट दाखले पाचशेहून अधिक निघाले. संस्थेला जुलैतच सुगावा लागला होता. तिने काही दाखले निमूटपणे रद्द केले आणि बाहेर अवाक्षरही काढले नाही. चोरी कोणाच्याही घरी होते. परंतु येथे पहारेकऱ्यानेच ती लपविली. दरम्यान इराणमधील सुमारे ३ लाख पत्त्यांवरून त्या खोट्या दाखल्याची विचारपूस झाली होती. त्यामागील माणसांची खाजगी टपाले परक्या नजरेखाली येण्याचा तो धोका होता. गूगलला कोणत्या संस्थांची सही चालते, याची नोंद क्रोममध्ये आधीच होती, म्हणून बिंग फुटले. ब्राउझरांनी डिजिनोटारला वगळले, डच सरकारने विश्वास काढून घेतला, आणि २० सप्टेंबरला तिचे दिवाळे जाहीर झाले.

आज दाखला निवडणाराने हा इतिहास ध्यानी घ्यावा. काही दाखले केवळ पत्त्याची खात्री करतात, काही संस्थेच्या नोंदणीचीही, तर काही अधिक सखोल चौकशीअंती मिळतात. कूटलिपीचे बळ त्यामुळे वाढत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून पहिल्या प्रकारचा दाखला विनामूल्य देते. शाळेच्या वा छोट्या दुकानाच्या वेबसाइटीला तो पुरतो. महागड्या दाखल्यासोबत ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत झळकणारे कंपनीचे नाव तर क्रोम व फायरफॉक्स यांनी २०१९ मध्ये तेथून काढूनच टाकले. दाखले सार्वजनिक वहीत नोंदविण्याची अट क्रोमने २०१८ मध्ये घातली. त्या वहीत आपल्या नावावर कोणी कोणते दाखले काढले, हे वेबसाइटीच्या मालकास आता स्वतःच पाहता येते.