दंड, सूट आणि सातबारा : आरोग्यविम्याच्या सक्तीचा इतिहास

🧵 १/
२८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : आरोग्यविमा न घेणाऱ्या नागरिकाकडून सरकार पैसे वसूल करू शकते. अवघ्या चार दिवसांनी, २ जुलैला, महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यात विम्याचा हप्ता सरकारच भरणार होते. त्या आठांत नांदेड होते. शेजारच्या परभणीला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले.

२/
प्रश्न दोन्हीकडे एकच होता : आजारपणाचा खर्च सर्वांनी मिळून कसा वाहायचा? मग एका सरकारने दंडाचा मार्ग का धरला आणि दुसऱ्याने हप्ता भरण्याचा? याचे उत्तर परभणीसारख्या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत दडलेले आहे.

३/
आधी मूळ अडचण पाहू. केवळ आजारी माणसांनीच विमा घेतला, तर खर्च वाढतो आणि हप्ता चढतो. हप्ता चढला की धडधाकट माणसे बाहेर पडतात आणि तो आणखी चढतो. म्हणून निरोगी माणसालाही आत आणावे लागते. त्यासाठी इतिहासात चार उपाय झाले : पगारातून कपात, करात सूट, करातून दंड आणि सरकारी भरणा.

४/
पहिला उपाय जर्मनीचा. चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या काळात १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आला. दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. कामगाराचा वाटा वेतनातूनच कापला जाई, त्यामुळे विमा टाळण्याची सोयच उरली नाही.

५/
भारतात हीच वाट प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने दाखवली. त्यातून १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी न भरणाऱ्या मालकास कायद्याने तुरुंगवासाची तरतूद केली. भारतातही सक्ती आणि शिक्षा होती, पण शिक्षेचा रोख मालकाकडे होता.

६/
त्या एप्रिलमध्ये परभणी भारतात नव्हतीच. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. १९५६ साली परभणी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आली. तरीही विम्याचा कायदा येथील बहुतेक श्रमिकांपर्यंत पोहोचला नाही.

७/
कारण कायद्याच्या मजकुरातच होते. 'हंगामी कारखाने' त्यातून वगळलेले होते, आणि हंगामी म्हणजे कोणते? कापसाची सरकी काढणारे, गाठी बांधणारे, साखर व गूळ करणारे. परभणी, सेलू, मानवत ही कापसाची पेठ. जिनिंगची चाके हंगामापुरती फिरतात. तेथील मजूर वर्षातील काही महिने कारखान्यात आणि उरलेले शेतात. कायद्याला हवा असलेला बारमाही कामगार तो कधीच नव्हता.

८/
दुसरा उपाय सवलतीचा. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. त्याच सुमारास आयकर कायद्यात कलम ८०-ड आले : विम्याचा हप्ता भरा आणि तेवढ्या उत्पन्नावर करात सूट घ्या. पण शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त. ज्याला करच नाही, त्याला सूट कशातून मिळणार? ही सवलत पगारदार आणि व्यापाऱ्यापाशीच थांबली.

९/
तिसरा उपाय दंडाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ साली तो स्वीकारला आणि २०१० च्या कायद्याने तो देशभर नेला. वसुली २०१४ पासून आयकर विवरणपत्रातूनच होऊ लागली. २०१६ साली प्रौढ व्यक्तीमागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या २.५ टक्के, यांतील मोठी रक्कम द्यावी लागे. अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांना मात्र माफी होती.

१०/
हा दंड की कर, यावरच २०१२ चा खटला फिरला. काँग्रेसने कायद्यात त्याला 'दंड' म्हटले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले की आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारात विम्याची सक्ती बसत नाही, कर लावण्याच्या अधिकारात मात्र बसते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या मताने कायदा तरला. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने ही रक्कम शून्यावर आणली आणि २०१९ पासून देशपातळीवरील दंड उरला तो केवळ कागदावर.

११/
आता परभणीकडे वळू. दंड आणि सूट, दोन्हींचे वाहन एकच : आयकर. कपातीचे वाहन म्हणजे पगारपत्रक. कोरडवाहू शेतकऱ्याकडे बहुधा यांपैकी काहीच नसते. त्याच्याकडे सरकारची ओळख दोनच कागदांत असते : शिधापत्रिका आणि सातबारा. म्हणून चौथा उपाय याच कागदांवर उभा राहिला.

१२/
जीवनदायी योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. पांढरी शिधापत्रिका, म्हणजे एक लाखाहून अधिक वार्षिक उत्पन्न, वगळलेली होती. पण दुष्काळात कागदावरचे उत्पन्न घर तारत नाही. म्हणून मराठवाडा-विदर्भातील १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना पुढे सामावून घेण्यात आले. त्यांत परभणी होती. पुरावा : सातबारा किंवा तलाठ्याचा दाखला.

१३/
या दाराला उंबरठाही होता. बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली आणि मर्यादा पाच लाख रुपये केली. विम्यासाठी शेतकरी असल्याचे सिद्ध करण्याची गरज तेव्हा संपली.

१४/
दंड कठोर वाटतो आणि सरकारी भरणा उदार. पण दंड करायलाही नागरिक आधी सरकारच्या करवहीत असावा लागतो. परभणीचा जिनिंग मजूर आणि कोरडवाहू शेतकरी ना वेतनवहीत होता, ना करवहीत. कोणतीही आरोग्ययोजना वाचताना म्हणूनच हप्त्याच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा : ही योजना माणसाला कोणत्या कागदावरून ओळखते, आणि तो कागद कोणाकडे नाही?