अक्षरकोड्यांतील शब्दशोध

अक्षरकोड्यांतील शब्दशोध : दिलेली अक्षरे, चौकटींची संख्या किंवा ठरलेल्या जागी आलेले एखादे अक्षर यांवरून शब्द हुडकून काढण्याच्या रीती. शब्दकोडे, अक्षरजाळीत दडलेले शब्द शोधण्याचा खेळ, मोठ्या शब्दातून लहान शब्द पाडण्याचा खेळ, स्क्रॅबल आणि वर्डल ही या वर्गातली परिचित कोडी. इंग्रजी कोड्यांसाठी सांगितल्या जाणाऱ्या युक्त्या मराठीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. कारण मराठीत चौकटीत बसणारा घटकच वेगळा आहे. म्हणून या नोंदीत मुख्य भर मराठी शब्दकोड्यावर दिला आहे.

पहिले आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी तयार केले. ते ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात रचला. कोणते अक्षर किती वेळा येते याची त्याने वृत्तपत्रांतून मोजदाद केली आणि त्यावरून प्रत्येक अक्षराच्या सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. खेळाला आजचे नाव १९४८ मध्ये मिळाले. अक्षरांवर अशी नजर ठेवण्याची हौस मराठीत त्याहून जुनी आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. कोणते वर्ण येता कामा नयेत हे सतत लक्षात ठेवून शब्द निवडण्याचा तो मोठा खटाटोप होता.

अक्षर हे एकक : मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर लिहितात. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार त्या अक्षरासोबतच राहतात, जोडाक्षरही एकाच चौकटीत मावते. ‘विद्यार्थी’ला तीन चौकटी लागतात, ‘स्वातंत्र्य’लाही तीनच. याचे दोन परिणाम होतात. इंग्रजीतली सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात, तर मराठीतल्या चार अक्षरांच्या शब्दाच्या मांडण्या फक्त २४ होतात. म्हणजे उलथापालथ करून शब्द शोधणे मराठीत सोपे आहे. उलट रिकामी चौकट भरणे अवघड आहे. इंग्रजीत तिथे २६ पर्याय असतात. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे त्यांत अजून मोजलेली नाहीत. त्यामुळे उभ्या शब्दाकडून मिळालेले एक अक्षर मराठीत फार मोलाचे ठरते. जाणत्याने आधी ज्या शब्दांतून जास्तीत जास्त छेद (आडव्या-उभ्या शब्दांच्या सामाईक चौकटी) निघतात ते भरावेत. मग ते शब्द सोपे असोत वा कठीण.

शेवटाकडून शोध : शब्दाचे पहिले अक्षर ठाऊक नसताना शेवट पाहणे अधिक फलदायी असते, कारण मराठी प्रत्यय ठराविक आहेत. चार चौकटींपैकी तिसरीत ‘खा’ आला असेल, तर चौथीत ‘ना’ घालून पाहावा. दवाखाना, कारखाना, छापखाना, तोफखाना अशी यादी लगेच हाती येते आणि पहिल्या चौकटीतला एक छेद निकाल लावतो. क्रिया विचारली असेल तर शेवटी बहुधा ‘णे’ असते. ‘पणा’ हा प्रत्यय तर त्याच्या आधीच्या चौकटीचीही बातमी देतो. त्यापूर्वीचे विशेषण आकारान्त असेल तर त्याचे रूप एकारान्त होते (मोठेपणा, भोळेपणा, साधेपणा). म्हणजे व्यंजन कळण्याआधीच त्यावरची मात्रा कळते. गोडपणा किंवा मूर्खपणा यांसारख्या शब्दांत मात्र असा बदल होत नाही. दार, खोर, गिरी, त्व, ता हे शेवटही याच पद्धतीने तपासावेत. सुरुवातीकडून बे, गैर, ना, सु, कु, प्रति, उप यांचा विचार करावा. व्यंजन आणि स्वर यांचा असा वेगवेगळा अंदाज बांधता येणे हीच मराठी कोडे सोडवणाऱ्याची खरी ताकद आहे.

समानार्थी शब्दांच्या सूचनांत संस्कृत घडणीचे ज्ञान असेच उपयोगी पडते. जल, नीर, वारि, अंबु, तोय हे पाण्याचे शब्द. त्यांना ‘ज’ (जन्मलेले) लागला की कमळ होते : जलज, नीरज, वारिज, अंबुज. ‘द’ (देणारा) लागला की ढग : जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद. ‘धी’ लागला की समुद्र : जलधी, वारिधी, अंबुधी. तीन चौकटी आणि ‘ढग’ अशी सूचना दिसली की ‘मेघ’ बसत नाही हे चौकटी मोजूनच कळते, आणि तिसरीत ‘द’ घालून पुढे जाता येते. शब्द पाठ करण्यापेक्षा त्याची घडण समजून घेतलेली बरी, कारण एका घडणीतून डझनभर उत्तरे निघतात. कमळासाठी पंकज आणि सरोज हेही त्याच साच्यातले. ‘अरविंद’ला मात्र चार चौकटी हव्यात.

शुद्धलेखनाची मदत : मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. अनेकांना ते शाळेतले ओझे वाटतात. कोड्यात ते शोधाचे साधन होतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार वा उकार दीर्घ असतो. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य इकार-उकार दीर्घ होतो (गरीब, वकील, बहीण, फूल), तर शेवटी दीर्घ स्वर असेल तर तो ऱ्हस्व राहतो (महिना, वहिनी, दिवा). तेव्हा उपान्त्य चौकटीत ऱ्हस्व ‘हि’ आला, तर पुढचे अक्षर बहुधा काना, दीर्घ वेलांटी किंवा मात्रा घेऊन येणार. ‘सहित’, ‘गुण’, ‘मंदिर’ यांसारखे तत्सम शब्द याला अपवाद आहेत. ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेऊन रचलेले कोडे सोडवणाऱ्याच्या हातून हे साधन काढून घेते. रचनाकाराने ती सूट घेऊ नये.

काय येऊ शकत नाही, हे माहीत असणेही तितकेच कामाचे. ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही जवळजवळ नाही. उभ्या ओळीत ‘गोळा’ की ‘गोटा’ असा प्रश्न असेल आणि दुसऱ्या चौकटीतून आडवा शब्द निघत असेल, तर ‘गोळा’ आपोआप बाद होतो.

शब्दातून शब्द : या खेळात नियम आधी स्पष्ट करून घ्यावा लागतो. अक्षरे अखंड ठेवायची असतील, तर ‘परोपकार’मधून रोप, काप, पर, कार असे शब्द निघतात, ‘पार’ निघत नाही. काना-मात्रा सुट्या करायची मुभा असेल, तर कोप, पोर, पाप, कोरा यांनाही वाट मिळते. अखंड अक्षरांच्या खेळात आधी क्रम उलटा करून पाहावा : धारा–राधा, नाका–काना, लता–ताल. मग तीन अक्षरांच्या सहाही मांडण्या क्रमाने म्हणाव्यात. ‘मदन’मधून ‘दमन’ आणि ‘गरम’मधून ‘मगर’ अशा रीतीने सापडतात. मोठ्याने म्हटल्यास शब्द कानाला लवकर ओळखू येतो.

अक्षरजाळीत शब्द शोधताना नेहमीच्या अक्षरापासून सुरुवात करू नये. शोधायच्या शब्दातले सर्वांत दुर्मीळ अक्षर किंवा जोडाक्षर निवडावे (महाराष्ट्रातला ‘ष्ट्र’, यज्ञातला ‘ज्ञ’) आणि त्याच्याभोवती आठही दिशांना पाहावे.

स्क्रॅबलमध्ये नियम वेगळे असतात. इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात, त्यांत ‘ई’ १२ आणि कोऱ्या दोन. खेळाडूच्या हातात एका वेळी सात सोंगट्या असतात आणि त्या सातही एकदम लावल्यास ५० गुण जास्तीचे मिळतात. म्हणून अनुभवी खेळाडू नेहमीचे शेवट बाजूला काढून उरलेल्या अक्षरांत मूळ शब्द शोधतात, दोन अक्षरी शब्दांची संपूर्ण यादी पाठ करतात आणि सोंगट्या वर्णक्रमाने लावून त्या क्रमाशी शब्दाची सांगड घालतात. स्मरणाची ताकद इथे अर्थज्ञानावर मात करू शकते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले. मराठी शब्दकोड्यात मात्र सूचनेचा अर्थ लावावाच लागतो, त्यामुळे नुसती यादी पाठ असून भागत नाही.

कोशांचा उपयोग : य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) जुन्या आणि प्रादेशिक शब्दांसाठी, तर त्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ म्हणी व वाक्प्रचारांवरच्या सूचनांसाठी उपयोगी पडतो. पण कोशाची मांडणी पहिल्या अक्षरावर असते, त्यामुळे फक्त शेवट ठाऊक असताना तो फारसा हात देत नाही. अशा वेळी संगणकावरची शब्दसूची बरी. मात्र तिथेही अक्षराचा प्रश्न उभा राहतो. युनिकोडमध्ये व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्तचिन्ह वेगवेगळे साठवतात. तीन चौकटींचा ‘विद्यार्थी’ संगणकाला दहा चिन्हांचा दिसतो. म्हणून सूचीतल्या प्रत्येक शब्दाचे आधी अक्षरांत तुकडे पाडून घ्यावे लागतात. त्यानंतरच ‘चार अक्षरे, तिसरे खा’ असा शोध बरोबर उत्तर देतो.