जमिनीचे कायदेशीर वर्णन, सोलापूर जिल्ह्यातील

एखादी जमीन शेजारच्या जमिनींपासून निश्चितपणे वेगळी ओळखता यावी, यासाठी सरकारी दप्तरात व दस्तऐवजांत केलेली तिची नोंद. गाव, तालुका, भूमापन अथवा गट क्रमांक, क्षेत्र, आकार व चतुःसीमा ही या वर्णनाची प्रमुख अंगे होत.

मराठेशाहीत शेत क्रमांकाने नव्हे, तर नावाने ओळखले जाई. गावची मिरासी जमीन थळांत विभागलेली असे व थळाला मूळ घराण्याचे नाव असे. घराणे नष्ट झाले, तरी नाव टिके. जमीन मात्र गतकुळी म्हणून नोंदली जाई. क्षेत्र बिघे व चावर यांत सांगत. १२० बिघ्यांचा एक चावर होई. तथापि बिघाच सर्वत्र सारखा नव्हता. असे वर्णन पाटील-कुलकर्ण्यांखेरीज इतरांना क्वचितच पुरते उमगे.

सोलापूर १८१८ मध्ये इंग्रजांकडे आले. दख्खनमधील प्रिंगल यांची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी लागू केली. तीच पद्धत लवकरच सोलापुरातही आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला स्थिर रूप मिळाले. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) व असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एका बैलजोडीला कसता येईल एवढ्या क्षेत्राचा अंदाज धरून सर्व्हे नंबर पाडले. त्यामुळे अनेक लहान खातेदार एकाच नंबरात आले. पुढील पोटहिस्से व बांधांवरील कज्जे यांचे एक मूळ येथे आहे. मातीचा पोत व खोली पाहून आणेवारी ठरे, तीवरून आकार बसे आणि हद्दीवर दगड व मातीचे बुरूज उभारले जात. हा सारा खटाटोप साऱ्यासाठी होता. मालकी ठरविणे हा त्याचा हेतू नव्हता. हक्कनोंदणीचा कायदा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९०३ मध्ये झाला. आजही सातबाराचा उतारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे योजना अंमलात आली, तेथे सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर आले. पुढे एकर-गुंठ्यांची जागा हेक्टर-आर यांनी घेतली. त्यामुळे जुने खरेदीखत वाचताना योजनापत्रकातील जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ घालणे अपरिहार्य ठरते. अक्कलकोट हे संस्थान होते व मंगळवेढे सांगली संस्थानात होते. तेथील जुनी दप्तरे त्या त्या संस्थानाची आहेत.

नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे स्थावराचे वर्णन ते ओळखण्यास पुरेसे हवे; शहरातील घराच्या बाबतीत ते रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, हेही नमूद करावे लागते. सोलापूर शहरातील मिळकती पेठ व नगर भूमापन क्रमांक यांनी ओळखल्या जातात. चतुःसीमा पूर्व, पश्चिम, दक्षिण व उत्तर अशा दिशांनी लिहितात. ‘पूर्वेस अमुकाचे शेत’ हे वर्णन त्या शेताचा धनी पालटताच संदिग्ध होते. ओढा, रस्ता किंवा शेजारचा गट नंबर लिहिल्यास ती अडचण बरीच टळते. लिहिलेले क्षेत्र व दाखविलेल्या सीमा यांत विरोध आल्यास न्यायालये सामान्यतः निश्चित सीमांना अधिक वजन देतात.