गठ्ठा उचलणार कोण?

परवा आमच्या तालुक्यातल्या एका गावात मुरघासाच्या बेलरवरून बैठक बसली. पंधरा-वीस दूधवाले, सामाईक मशीन घ्यायचंय. बहुतेकांचं एकच, "घ्यायचं तर मोठंच घेऊ, वारंवार थोडंच घेतोय!" मी बातमीसाठी गेलो होतो, पण डोक्यात २०१३ फिरत होतं.

त्या दुष्काळात मी चारा छावण्यांच्या बातम्या करायचो. जनावरांबरोबर माणसंही छावणीतच मुक्कामाला, दावणीत उसाचं वाढं. ज्यांच्या खड्ड्यात आधीचा मुरघास शिल्लक होता अशी दोन-चारच घरं मला भेटली. त्यांच्या गाई घरच्या गोठ्यात होत्या.

मुरघास काही कालचा शोध नाही. फ्रान्समधल्या ओग्युस्त गोफार या शेतकऱ्यानं १८७७ साली मक्याच्या मुरघासावर पुस्तक लिहिलं. फिनलंडच्या विर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हिरवा चारा टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा. सगळ्याचं सार एवढंच: हवा बाहेर, आंबटपणा आत. त्याला मोठं मशीन लागतंच असं नाही.

मोठं मशीन आलं ते वेगळ्या गरजेतून. १९७१ साली अमेरिकेतल्या आयोवात व्हर्मीर कंपनीनं मोठा गोल बेलर आणला. तो होता सुक्या गवतासाठी, गठ्ठा टनाच्या आसपास. तिकडं रानं मोठी, माणसं कमी, गठ्ठा उचलायला ट्रॅक्टर. ओल्या चाऱ्याच्या गठ्ठ्याला प्लास्टिक फिल्म गुंडाळायची पद्धत युरोपात रुजली ती १९८० च्या दशकात.

म्हणजे ते माप त्यांच्या रानाचं. आपलं काय?

बैठकीत एक आजी मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गठ्ठा उचलणार कोण, ते आधी सांगा." सगळे हसले. पण हिशेब त्यातच आहे. गाईला दिवसाला साधारण १५ ते २० किलो मुरघास लागतो. चार गाईंचा गोठा ७० किलोचा गठ्ठा दिवसात संपवतो. ५०० किलोचा फोडला तर तो आठवडाभर उघडा राहणार. हवा लागली की दोन-तीन दिवसांत बुरशी. शिवाय सकाळी दावणीत चारा टाकणारी बहुतेक घरची बाईच असते.

म्हणून मशीन बघताना आधी गठ्ठा बघा. किती घट्ट बसतो? फिल्मचे थर किमान चार पडतात का? सहा असले तर उत्तम. आपला ट्रॅक्टर ओढेल का? जाळी, फिल्म तालुक्यात मिळते का, मेकॅनिक किती लांब? आणि मोठा गोठा असेल, चारा जागेवरच खपणार असेल, तर खड्डा किंवा बंकरच स्वस्त पडतो. बेलर घ्यायचा तो चारा वाटून घ्यायला, विकायला किंवा लांब न्यायला.

बैठक निर्णयाविना उठली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आहे.

तुमच्या गावात कुणी बेलर घेतलाय का? गठ्ठा किती किलोचा, अनुभव काय? खाली लिहा, बैठकीत वाचून दाखवतो. पुढचा दुष्काळ विचारून येणार नाही.