श्वासाचे मोजमाप : डभोई ते लोणावळा

कडोदऱ्याच्या चौरस्त्यावर मुंबई–अहमदाबाद आणि सुरत–धुळे हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. आपल्या समाजाचा इतिहासही याच दोन वाटांनी आलेला आहे. आपला पलसाणा तालुका पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने काही घराणी दक्षिणेतून गुजरातेत स्थिरावली; पुढे खानदेशातून तापीकाठच्या लोहमार्गाने आणि रस्त्याने गिरण्यांच्या कामासाठी आणखी कुटुंबे आली. गायकवाडी गुजरात आणि खानदेश या दोन्ही भूमींचे ऋण ज्यांच्या आयुष्यावर होते, अशा एका मराठी पुरुषाचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत. त्यांनी आयुष्यभर ज्याचा शोध घेतला, तो विषय म्हणजे श्वास.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले. त्यानंतर ते अमळनेरला शिक्षणकार्यात रमले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. गुरूंवर त्यांची अपार निष्ठा होती. तरीही योगक्रियांच्या परिणामांविषयी परंपरा जे सांगते, ते यंत्रापुढे ठेवून तपासलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९२०–२१च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचे निरीक्षण केले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हे त्यांनी पुढे मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले.

त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी श्वसनाविषयीचे ज्ञान कसकसे वाढत गेले, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. १६६१ साली इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. शंभराहून अधिक वर्षांनी फ्रान्सच्या लाव्हाझिएने असे दाखविले की, श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे. त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी एक वाद मात्र उरला होता. फुप्फुस ऑक्सिजन स्वतः ओढून रक्तात ढकलते, की तो आपोआप झिरपतो? १९१० साली डेन्मार्कच्या ऑगस्ट आणि मारी क्रोग या दांपत्याने अचूक मोजमापांच्या आधारे दाखवून दिले की, ढकलणारे कोणी नसते. वायू अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो, एवढाच तो नियम.

हा व्यवहार जेथे चालतो, ते वायुकोश मोहरीहूनही लहान असतात. त्यांची संख्या कोट्यवधी आहे. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यातील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास, तर शरीरभर फिरून आलेल्या रक्तात तो ४० असतो. म्हणून ऑक्सिजन आत जातो. कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब रक्तात ४६ आणि वायुकोशात ४०. म्हणून तो बाहेर येतो. विश्रांतीच्या वेळी लाल रक्तपेशी या पडद्याजवळ जेमतेम पाऊण सेकंद असते आणि तेवढ्यात देवघेव पुरी होते. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के.

आता कुवलयानंदांकडे वळू. प्राणायामाने रक्तात पुष्कळ अधिक ऑक्सिजन भरतो, ही समजूत त्यांच्या काळी होती, आजही घरोघरी ऐकू येते. कुवलयानंदांच्या प्रयोगशाळेत श्वासातील दोन्ही वायूंची मोजमापे झाली. प्राणायामाचे खरे मोल ऑक्सिजनच्या लाभात नसून मज्जासंस्थेच्या संस्कारात आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी लोणावळ्यास त्यांच्याजवळ शिकून १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर सुमारे २४.५ टक्क्यांनी, तर भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी वाढल्याची नोंद त्यात आहे. वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतील. पण वापर वाढणे म्हणजे साठा वाढणे नव्हे. श्वासाचे स्नायू अधिक राबले की खर्चही वाढणारच. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन मुळातच ९७–९८ टक्के भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी किती पाणी ओतणार?

कुंभकात जीव कासावीस होतो, तोही बहुधा ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. रक्तात साठत जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड मेंदूला श्वास घेण्यास भाग पाडतो, हे १९०५ साली इंग्लंडच्या हॉल्डेन व प्रीस्टली यांनी दाखविले होते. म्हणूनच भराभर श्वास घेऊन तापीत बुडी मारणारा पोहणारा धोका पत्करतो. त्याच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड उतरलेला असल्याने श्वासाची निकड वेळेवर जाणवत नाही आणि ऑक्सिजन संपून पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपण रंगाई-छपाईच्या गिरण्यांच्या पट्ट्यात राहतो. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे जवळच्याच सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव नाल्यात सोडला गेला. विषारी वायू पसरून सहा कामगार मरण पावले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. गटारांत व रासायनिक टाक्यांत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड पेशींची ऑक्सिजन वापरण्याची शक्तीच हिरावून घेतो. अशा वेळी फुप्फुसे चालू असतात, रक्तात ऑक्सिजनही असतो, पण पेशीच्या दारातून तो परततो. दाट प्रमाणात हा वायू वासाची जाणीवही बधिर करतो. म्हणजे ‘वास येत नाही, मग भय नाही’ हा भरवसा घातक ठरतो. पडलेल्या सोबत्याला काढायला साधनांशिवाय उतरणारा दुसराही तेथेच पडतो, तो याचमुळे. तेथे सरावलेला दमही कामी येत नाही. हवा आधी उपकरणाने तपासणे, श्वासोपकरण लावणे आणि वर माणूस ठेवणे, हाच तेथला धर्म होय.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. आपण त्यांचे नाव आसनांच्या पुस्तकांपुरते ठेवले आहे. आम्हांस वाटते, आपल्या घराण्यांनी त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. श्रद्धेय गोष्टही मोजून पाहावी आणि मोजमाप समजुतीच्या विरुद्ध गेले तर ते मोकळेपणाने सांगावे. प्राणायाम अवश्य करावा. तो मन शांत करतो. परंतु आपली मुले ज्या गिरणीत, ज्या टाकीजवळ दिवसाचे आठ-बारा तास श्वास घेतात, तेथली हवा कोणी, केव्हा मोजली, हे विचारणेही आपलेच काम आहे. डभोईच्या गुण्यांनी हाच प्रश्न आधी विचारला असता, याविषयी आम्हांस शंका नाही.